छान, छान

पॉवर हाउस, भिलाई
१७ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. तारास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही मजेत आहोत. थंडी सुरू झाली. स्वेटरची बाही तेवढी राहिली आहे.

तुझे भाऊजी फौंड्रीत मॅनेजर झाल्याचं कळवलंच होतं. त्यांना नागपूरला ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथून एक शिकवण घेऊन आले. खुर्ची मिळाली म्हणून माणसं आपली होत नाहीत, आपण रोज त्यांच्यापर्यंत जावं. मग काय, नियमच केला. पाळीआधी सगळे रांगेत उभे राहणार आणि हे एकेकाचं नाव घेऊन विचारणार, घरी सगळं बरं? केबिनमध्ये कुणी यायचं नाही. सुट्टी मागायची तीही रांगेतच. मी चिडवायची, माझंही नाव लक्षात असू द्या म्हणून. मनातून मात्र फार कौतुक होतं.

पुढचं लिहू की नको, असं दोन वेळा झालं.

गेल्या महिन्यात दुपारी आमची शकुबाई भांडी घासायला आली. ती खुर्सीपारच्या वस्तीत राहते, ह्यांच्या फौंड्रीतल्या केवलरामच्या शेजारी. दारातूनच म्हणाली, "बाई, साहेबानं केवलरामले सुट्टी कावून नाही देली? त्याची बायको राती मेली. मयत घरीच हाय अन् तो कामावर."

मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या साहेबाबद्दल बोलते आहे. तशीच रिक्षा करून फौंड्रीच्या फाटकाशी गेले. केवलराम खरंच भट्टीपाशी होता.

तिथल्या एकाने सांगितलं, तो सकाळी सुट्टी मागायलाच आला होता. नियमाप्रमाणे रांगेत उभा राहिला. ह्यांनी विचारलं, "केवलराम, घरी सगळं बरं?" तो म्हणाला, "बाई गुजर गे साहेब, रात के." हे म्हणाले, "छान, छान," आणि पुढच्याकडे वळले.

बाजूच्यांनी ऐकलं. कुणी बोललं नाही. साहेबच छान म्हणाले, म्हणजे सुट्टी नाही, असं समजून केवलरामने फावडं उचललं.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते तसेच उठून केवलरामकडे गेले. मग त्याला स्कूटरवर बसवून खुर्सीपारला गेले आणि मुक्तिधामापर्यंत सोबत राहिले. घरी येऊन म्हणाले, "मी रोज विचारून राहिलो, कमल, पण ऐकून नाही राहिलो. मले ही मॅनेजरी नको." दुसऱ्या दिवसापासून रांगच बंद केली.

दिवसपाणी उरकून केवलराम परत आला, आणि रांग नसताना आपल्या जागी जाऊन उभा राहिला. हे समोर जाऊन थांबले. शेवटी तोच म्हणाला, "पुछव न साहेब."

ह्यांनी विचारलं आणि तिथेच उभे राहिले. केवलराम बोलत होता. बाकीचे येऊन मागे थांबले. त्या दिवशी भट्टी उशिरा पेटली.

काल तुझं दिवाळीचं पत्र पुन्हा काढलं. लोणच्याबद्दल विचारून खाली तू लिहिलं होतंस, "ताई, माझं इथे काही खरं नाही." मी उत्तरात मोहरीचं प्रमाण कळवलं आणि बाकी सर्व छान म्हणून सही केली.

तारा, काय झालं आहे? बरं आहे एवढंच लिहू नकोस. तुझं पत्र आलं नाही तर रविवारच्या गाडीने मी येतेच आहे.

तुझी, या वेळी ऐकणारी,
कमलताई