एलियाहू नबींच्या खुर्चीची व्यवस्था

मी, हन्नाबाई शालोम झिराडकर, वय ८१, धर्म यहुदी, निवृत्त शिक्षिका, राहणार पारोळा, जि. जळगाव, राजीखुशीने लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्याबद्दल कायदा विचारत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा सॅमसन, हल्ली मुक्काम अश्दोद, इस्राएल, यास द्यावी.

२. मलिद्याचे पितळी ताट शेजारच्या दिपमालास. पोहे, गूळ, खोबरे कालवून, वर फळे मांडून एलियाहू नबींचे नाव घ्यायचे, हे तिला येते. गूळ जास्त घालते.

३. सागवानी खुर्ची. सॅमसनच्या सुंतेला ती नबींसाठी रिकामी मांडली होती. दिपमालाचे आजोबा चुडामणभाऊ आले आणि सरळ तीत बसले. नबी कोणाच्याही वेषात येतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे उठा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आमच्या यजमानांनी उलट मलिदा आधी त्यांनाच वाढला. तेव्हापासून ते दर शनिवारी येऊन त्याच खुर्चीत बसतात, गोष्ट ऐकतात व चहाला नावे ठेवतात. नबी असल्याचे एकही लक्षण अद्याप दिसलेले नाही. तरी खुर्ची त्यांनाच द्यावी.

४. गोष्टी. आमच्या पूर्वजांचे जहाज नवगावला फुटून सात जोडपी वाचली, ती, शलमोन राजाच्या, आणि नबींचा अग्निरथ कोकणातल्या खडकावरून आकाशात गेला व घोड्याचा खूर उमटला, ती. सॅमसन म्हणतो, "आई, इथे सगळं पुस्तकांत आहे." असू दे. पुस्तक "मंग काय व्हयनं?", मग पुढे काय झाले, असे विचारत नाही. चुडामणभाऊ विचारतात. माझ्यामागे या गोष्टी कोण सांगेल, याचा मला फार घोर होता.

भाऊ या गोष्टी दिपमालाला सांगतात, पण खूर पारोळ्याच्या किल्ल्यात उमटवतात. मी पुष्कळ भांडले. म्हणाले, "बाई, पोर कोकणमा कवय जाई? किल्ला गावमाच शे." गेल्या महिन्यात दिपमालाने मला हाताला धरून तो दगड दाखवायला नेले. पाणी ठिबकून पडलेला खड्डा आहे. "बाई, हाऊच शे ना?" तिने विचारले. जन्मभर मी मुलांच्या चुकांवर लाल रेघ मारली.

मी म्हटले, "हाऊच शे."

सबब सर्व गोष्टी त्या दोघांना, खुरासकट. सॅमसनने हरकत घेऊ नये.

साक्षीदार: १. पितांबर दौलत चौधरी (सही) २. पुना धनसिंग पाटील (अंगठा)

टीप: चुडामणभाऊ साक्षीसाठीच आले होते. ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले, तेव्हा ते खुर्चीत जाऊन बसले. सर्व वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारले, "मंग काय व्हयनं?"

पुढचे त्यांनी सांगावे.

पारोळा, १२ जानेवारी २०२५
हन्नाबाई शालोम झिराडकर (सही)