दादाच्या शहरातलं कोर्ट

प्रिय दादा,

विरुद्ध पक्षाला पत्र लिहायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. म्हणून हे माझ्यापाशीच राहील.

आपल्या घरच्या धंद्यातल्या बूट पॉलिशच्या डबीवरचा, आईने काढलेला खंड्या पक्षी तू स्वतःच्या एकट्याच्या नावावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवलास आणि आपलं बोलणंच तुटलं. ती नोंदणी रद्द करायचा दावा लावताना वकीलबाई म्हणाल्या, "नोंदणी कार्यालय ज्या शहरात आहे, तिथल्याच कोर्टात हा चालतो. भावाच्या शहरात लावलात तर परत येईल."

"त्याच्याच शहरात लावा," मी म्हटलं. कारण सांगितलं नाही.

तारखेला तू आलास. केस पिकलेत, चाल मात्र थेट बाबांची. माझ्याशेजारी बाकावर बसलास आणि समोर बघतच विचारलंस, "जेवलीस का?"

"जेवले," मी म्हटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

मग दावा या कोर्टात चालत नाही, अशी तुझ्या वकिलाने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. आता दावा नोंदणी कार्यालयाच्या, त्या तिसऱ्याच शहरात चालेल. तिथे वकील जातील, तुझी-माझी गरज नाही.

हरकत बरोबरच होती, दादा. पण दोन-चार तारखा थांबून घेतली असतीस, तरी चाललं असतं.

तुझीच,
धाकटी