पांढऱ्याखालचा निळा

४ फेब्रुवारी
कॉलेज सोडलं म्हणून बाबांनी मला गॅरेजमध्ये जुंपलंय. "पदवी नको ना? मग गाड्या घास." घासतो! पण आमच्या घरच्या जुन्या पांढऱ्या गाडीला हात लावू देत नाहीत. आज ते बाहेर गेले आणि मी तीच घासायला घेतली. औषधांच्या दुकानातल्या तिला पहिल्यांदा फिरवायचं, तर पोपडे आलेल्या गाडीतून?

डाव्या मडगार्डवर बोटभर पुट्टी. सँडपेपर मारत गेलो तशी रंगांची वलयं उमटली – पांढरा, प्रायमर, खाली निळा. आमची गाडी निळी होती? मला कुणीच कसं सांगितलं नाही?

ती मागे म्हणाली होती, तिच्या वडिलांना निळ्या गाडीनं उडवलं. सोळा वर्षं झाली. गाडी सापडलीच नाही.

मला आपली शंका. उगाच.

५ फेब्रुवारी
उगाच नव्हती. बाबांनी ते वलय पाहिलं, ओरडले नाहीत.
"तीच गाडी का?"
"तीच."
"आणि थांबला नाहीत?"
"नाही थांबलो."
फडक्यानं हात पुसत राहिले. मी म्हणालो, तिला सांगणार. तर म्हणे, "परत तोंड बघणार नाही ती तुझं."
न बघू दे. चोरून मिळालेली नको मला.

६ फेब्रुवारी
आई मागे लागलीय – "दोन दिवस थांब रे, मी बोलते."
सोळा वर्षं थांबलात की.

७ फेब्रुवारी
सांगितलं. ती दुकान बंद करत होती, शटर अर्ध्यावर. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. "तुझे बाबा आत्ता कुठे आहेत?" एवढंच विचारलं आणि थेट पोलीस ठाण्यात गेली. मीही गेलो, जबाब दिला, सही केली.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पोलिसांच्या जीपमध्ये बसले. माझ्याकडे पाहिलंही नाही. नका पाहू! घरातून हाकललं तरी सही मागे घेणार नाही.

८ फेब्रुवारी
ती फोन उचलत नाही. बाबांनी म्हणे पहिल्याच प्रश्नाला सगळं कबूल केलं.

९ फेब्रुवारी
आई चपला घालून दारात उभी आहे. "मला ठाण्यावर ने," म्हणते. अपघाताच्या वेळी गाडी आईच चालवत होती. मागच्या सीटवर मी – चार वर्षांचा, आकडी आलेला. बाबा त्या दिवशी गावातच नव्हते.