दोन पट्ट्यांची उंची

प्रिय गुरू,

शिवदासला आधी चहा दे आणि मगच हे वाचायला बस. गगनबावड्याचा आहे, बहरीनमध्ये आपल्या ओजसच्या कंपनीची गाडी चालवतो, सुट्टीवर निघालाय, आणि घरी जायच्या आधी वाकडी वाट करून तुझ्याकडे आलाय. त्याने दिलेला खोका टेबलावर राहू दे, उघडू नकोस. माझं लांबण ऐकायची तुला सवय आहेच, आज वाचायची लाव. हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि मी पुढच्या मुद्द्यावर जाते.

मी इथे मजेत आहे. ओजसचं घर नईम भागात, जुन्या मनामा शहरातल्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानाच्या वर. रमजान चालू असल्यामुळे दिवसभर गल्ली पेंगत असते आणि रोजा सुटला की एकदम जागी होते. खालची अकीला रोज वाटीभर हरीस पाठवते. दिसायला गव्हाची खीर, आत मटण. मी कोल्हापूरची, मला कोण घाबरवणार! वाटी रिकामी परत करू नये म्हणून मी त्यात थालीपीठ ठेवते, आणि आता तिच्या पोरांना थालीपिठाची चटक लागली आहे. तू वेळेवर जेवतोस ना? चहा अजून पेल्यातूनच घेतोस का, आणि अर्धाच ओततोस का? निघताना मी कपबशी वरच्या फळीवरून खाली काढून ठेवली होती, पण तू तिला हात लावला नसशील हे मला ठाऊक आहे.

मी इथे कशासाठी आले तेही तुला ठाऊक आहे, जरी तू मला पाठवलं नाहीस. पाडव्याला लेथ न्यायला ये, असा शब्द तू शिरोलीच्या त्या भंगारवाल्याला देऊन बसलास. मी कारण विचारलं तर म्हणालास, पोरगा येत नाही, मग मशीन कुणासाठी ठेवू? तुझ्या वडिलांनी घेतलेला लेथ, ज्याच्यावर उद्यमनगरातले निम्मे टर्नर शिकले, तो वजनावर जाणार! मी विमानात बसले ती भाषण घेऊनच. आपल्या तरण्या माणसांना भाड्याने घेणाऱ्या या वाळूबद्दल, घरचा लेथ गंजत ठेवून परक्याच्या लेथला तेल घालणाऱ्या पिढीबद्दल, बापाच्या हातातली विद्या बापाबरोबर जाळायला निघालेल्या मुलांबद्दल. चांगलं भाषण होतं, गुरू. शेवटी तर मी तुझं नावही घेणार होते. दारूबंदीच्या सभेत मी पुढाऱ्यांना खाली मान घालायला लावली आहे, हा तर माझ्या पोटचा पोरगा.

सुरुवात मी दुसऱ्याच दिवशी केली. सलमाबादला त्याचं वर्कशॉप आहे, तिथे मला घेऊन गेला. गोदी आणि अॅल्युमिनियमचे कारखाने यांच्यासाठी ते कापायची टूल्स बनवतात. टूलचा दांडा वेगळा आणि त्याच्या तोंडाशी बसवायचा कापणारा तुकडा वेगळा. तुकडा झिजला की काढायचा आणि दांडा तसाच मशीनवर ठेवायचा. ओजसचं काम म्हणजे ही जोडी आखणं. मला लगेच मुद्दा मिळाला. वापरा आणि फेका या राक्षसाविरुद्ध मी गावोगाव बोलत हिंडले, आणि माझाच मुलगा फेकायच्या धारा बनवतोय? मी तसं म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले. त्याने वाद घातला नाही. तुझ्यासारखाच आहे. त्याने माझ्या तळहातावर एक तुकडा ठेवला.

करंगळीच्या नखापेक्षा जरासा मोठा. सोनेरी, चौकोनी, मधोमध भोक. वजनाला असा की हात आपोआप खाली जातो. एक कोपरा बोथट झाला की तुकडा फिरवायचा, दुसरा कोपरा पुढे येतो. चारही संपले की उलटा करायचा, पुन्हा चार. तेही संपले की डबीत टाकायचा, डबी कारखान्यात परत जाते, तिथे त्याची भुकटी करून नवा तुकडा दाबतात. फेकायचं काहीच नव्हतं. माझा मुद्दा तिथेच गेला. ही भुकटी दाबून भाजतात तेव्हा तुकडा मडक्यासारखा आकसतो, म्हणून जो आखतो त्याला तो आधीच मोठा आखावा लागतो. जे अजून झालेलं नाही त्याचं आकसणं मनात धरून रेघ मारायची. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला गुरू, आणि माझ्या डोळ्यांसमोर आली ती गारगोटीची चिमुकली पाती, जी मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. तांब्याच्याही आधीची माणसं लाकडाला खाच पाडून तसली पाती त्यात डिंकाने बसवायची, आणि एक पातं बोथट झालं की तेवढंच काढून नवं लावायची. मूठ जुनी, धार नवी. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी नदीकाठी कुणाला तरी सुचलेली ती युक्ती माझ्या तळहातावर सोनेरी होऊन पडली होती. मला गहिवरून आलं. मी चष्मा पुसला आणि धूळ फार आहे म्हणाले.

त्यानंतर मी रोज त्याच्याबरोबर जाऊ लागले. मॅनेजर महमूद मला "उम्म ओजस" म्हणतो, म्हणजे ओजसची आई. इथे तशीच रीत आहे, आणि न पाहताच तू "अबू ओजस" झाला आहेस. बायकोला स्वतःचं नाव असावं म्हणून जन्मभर भांडलेली मी, या हाकेला ओ देते. तुला हसू येत असेल.

ओजसचं सध्याचं काम गोदीसाठी आहे. जहाजाच्या इंजिनातला भाग जागेवरच कापायचा असतो. फिटर त्या इंजिनाच्या पोटात आडवा पडलेला, हातात जाडे मोजे, कपाळावरून घाम. तुकडा फिरवायचा तर जोंधळ्याच्या दाण्याएवढा स्क्रू काढावा लागतो, तो निसटतो, खालच्या तेलात पडतो, आणि मग शिव्या. ओजसने असा दांडा आखलाय की स्क्रू बाहेर येतच नाही. चावी अर्धा वळसा फिरवली की आतली पकड सैल होते, तुकडा बोटाने वळवायचा, पुन्हा अर्धा वळसा. मी त्याला टेबलाशी बसलेला बघायची. तुकडा जिथे बसतो त्या खोबणीच्या दोन भिंती आणि एक तळ, एवढ्यावरच तो दिवसभर. एकदा मी म्हणाले, अरे, देवघरालाही कुणी एवढं निरखत नाही. तेव्हा तो म्हणाला की हात चुकला तरी तुकडा आपल्या जागेवरच गेला पाहिजे, सगळी अक्कल त्या खोबणीतच असायला हवी. मला वाक्य आवडलं. कुठल्या तरी भाषणात वापरीन म्हणून मी ते लक्षात ठेवलं. ते कुणासाठी आहे हे मात्र मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी सकाळी चाचणी झाली. याआधीचा नमुना पहिल्याच कटात फुटून उडाला होता, त्यामुळे सगळे लांब उभे. मला जाळीमागे खुर्ची दिली आणि डोळ्यांवर चष्म्यावर चष्मा चढवला. जमालुद्दीन नावाचा फिटर, रोजा धरलेला, मोजे घालून पुढे झाला. मशीन सुरू झालं, तुकडा पोलादाला भिडला, आणि गुरू, आवाज बदलला नाही. कापलेलं पोलाद वळून, निळं होऊन, सहाच्या आकड्यासारखं तुटून तुटून पडत होतं. ते कसं वळावं आणि कुठे तुटावं हेही त्या तुकड्याच्या कपाळावर आधीच आखलेलं असतं. मग जमालुद्दीनने मशीन थांबवून मोज्यांसकट चावी फिरवली, तुकडा वळवला, चावी आवळली, आणि मोकळे हात वर करून दाखवले. म्हणाला, "ये तो मेरी बीवी भी कर लेगी." मी जाळीमागून म्हणाले, "बुला लो भैया, फिर तुम क्या करोगे?" महमूद एवढा हसला की त्याला रोज्यात पाणी पिता येत नाही म्हणून खोकत बसावं लागलं.

त्या धांदलीत मला टेबलावर दुसरा एक दांडा दिसला. तीच पकड, तीच खोबणी, पण हा आखूड, आणि चावीची मूठ मात्र दाराच्या कडीएवढी मोठी. महमूद ओजसला चिडवत होता की सुट्टीच्या दिवशी येऊन हा काय बनवत बसतो कोण जाणे, या उंचीचा दांडा बसेल असं एकही मशीन अख्ख्या बहरीनमध्ये नाही. ओजस म्हणाला, एका जुन्या लेथचा आहे. मी तो हातात घेतला. मला आकडे कळत नाहीत, पण तुझ्या टूलपोस्टात, लेथवरच्या त्या पकडीत, टूल कसं बसतं ते मला कळतं. टूल कधीच पुरेसं उंच नसायचं. तू हॅकसॉच्या तुटक्या पात्याच्या दोन पट्ट्या खाली सरकवायचास, आणि त्या डबीतून काढून द्यायचा मान ओजसचा असायचा. मी विचारलं, पट्ट्या कुठे ठेवायच्या? तो म्हणाला, लागणार नाहीत, दोन पट्ट्यांची उंची आधीच धरली आहे.

मग मी विचारलं, की बाबांच्या हाताचं तुला कुणी सांगितलं. कारण मी सांगितलं नव्हतं, गुरू. मला तू तरी कुठे सांगितलं होतंस? तू दाढीला न्हाव्याकडे जायला लागलास, बशी सोडलीस, बँकेत सही करताना मला बाहेर थांब म्हणालास. मागच्या श्रावणापासून टूलला धार लावायच्या ग्राइंडरचा आवाज लांबत गेला. पूर्वी मी पोळी उलटेपर्यंत तुझी धार लागलेली असायची. ज्या हाताकडे दुसऱ्या शॉपवाले टूल घासून घ्यायला यायचे, तो हात चाकाशी थरथरतोय हे मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. जगाला प्रश्न विचारत हिंडणारी मी.

ओजस म्हणाला, दिवाळीत. आठवतंय तुला? माझे हात कानोल्यांच्या सारणात होते. तू आणि ओजस एकमेकांशी बोलत नाही, त्याने कॉलेजात असताना पहिल्यांदा असलाच दांडा आणून दाखवला आणि तू "धार विकत आणायची तर हात कशाला?" म्हणालास तेव्हापासून तुमचं सगळं माझ्या तोंडून चालतं. पण माझ्या व्हिडिओ कॉलला फोन नेहमी तूच धरतोस. स्वतः पडद्यावर न येता, त्याला आई नीट दिसावी म्हणून. त्या दिवशी चित्र सारखं हलत होतं, आणि मीच घाईघाईने म्हणाले होते की मेलं नेटवर्क खराब आहे. ओजसने त्याची आठवण करून दिली आणि म्हणाला, "आई, नेटवर्क खराब असलं की चित्र थांबतं. हलत नाही."

माझं तोंड आयुष्यात दोनदा बंद झालं. एकदा उद्यमनगरच्या सभेआधी माईकच्या दांड्याचा आटा झिजून माईक उभा राहीना तेव्हा. तू समोरच्या शॉपमधून आलास, तुकडा घेऊन गेलास, मी तावातावाने मागे आले आणि लेथवर वळत निघालेली ती चकचकीत धातूची फीत बघत उभी राहिले. सभा उशिरा सुरू झाली, आणि लग्न लवकर. आणि दुसऱ्यांदा गुरुवारी. लोकांच्या मनातलं ओळखून बोलते अशी माझी ख्याती आहे. या मुलाने एका हलणाऱ्या चित्रावरून बापाचं मन ओळखलं, आणि काहीही न बोलता ते पोलादात आखून ठेवलं. तो म्हणाला, लेथवर टूल पोस्टात पकडलेलं असतं, चाक फिरवणारा हात थोडा थरथरला तरी कटाला कळत नाही. स्थिर हात लागतो तो फक्त धार लावायला. म्हणजे तेवढंच बाबांच्या हातून काढून घेऊया, बाकी सगळं त्यांचंच राहू दे. एवढं बोलून तो कामाला लागला. माझं भाषण अजून पिशवीतच आहे. घरी परत ये हे वाक्य मी एकदाही उच्चारलेलं नाही. तो येईल का, मला माहीत नाही. महमूदने मात्र अबू ओजसला सलाम सांगितलाय.

मी पाडव्यानंतर येईन. मग तुला डॉक्टरकडे नेईन, तिथे मात्र मी वाद घालणार आहे. पण भंगारवाला माझ्या आधी दारात येईल, म्हणून हे पत्र आणि हा खोका शिवदासच्या हाती पुढे धाडलाय. आता खोका उघड. दांडा पोस्टात बसव, पट्ट्या शोधू नकोस. चावी मोठी आहे, दोन्ही हातांनी धर. एखादा लोखंडाचा तुकडा चकमध्ये लाव आणि एकच कट घेऊन बघ. नाही पटलं, हा लेथ आता माझा नाही असं वाटलं, तर खुशाल दे, मी एक शब्द बोलणार नाही. पण कट लागला तर ओजसला व्हिडिओ कॉल लाव. मी मध्ये नसेन. फोन तूच धर, आणि या खेपेला तुझ्या तोंडाकडे धर. चित्र हललं तर हलू दे.

तुझीच, आणि आता उम्म ओजससुद्धा,
पूर्णिमा