नव्या गवतगाडीची खोड

ओकफोर्ड, आयोवा
१९ मे १९९१

चि. मेरिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. माझ्या वाढदिवसाला तू पाठवलेली, बसून गवत कापायची नवी गाडी पोचली. मऊ खुर्ची, कॉफीचा पेला ठेवायला खळगा, नुसती किल्ली फिरवली की सुरू! शेजारच्या बर्निसबाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, की हार्लन, आता दुसरं लग्न करायलाही हरकत नाही.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. ही चालता चालता बंद पडते. खड्ड्यातून गेली, की बंद. नासपतीच्या फांदीखाली वाकलो, की बंद. जुन्या गाडीला तीस वर्षांत ही खोड नव्हती. ती धूर ओके, कानठळ्या बसवी, गिअर टाकायला दोन्ही हात लागत. पण मी उतरून वाटेतली काटकी उचलून येईपर्यंत बिचारी धडधडत उभी राही. तिचा पत्रा असा जाड, की दगड लागला तर दगडाचीच कीव यावी. हिचा पत्रा बिस्किटाच्या डब्याचा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! जुनी दुकानदाराने बदल्यात नेली, त्यामुळे बोलायची सोय नाही.

तुझी ताई लोइस दर रविवारी चर्च सुटल्यावर डबा ठेवून जाते. हल्ली जेवण फारसं जात नाही, बाकी क्षेम.

म्हाताऱ्यावर लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
बाबा


टूसॉन, ॲरिझोना
२ जून १९९१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसलो. बाबा, ती खोड नव्हे, सोय आहे. जुन्या गाड्यांनी आपल्या गावात कितीजणांची बोटं खाल्ली, ते तुम्हीच मला सांगत होता. म्हणून आता खुर्चीखाली एक कळ असते. माणूस उठला, की इंजिन आणि पातं दोन्ही बंद.

मी दुकानदाराला फोन करून चांगला फैलावर घेतला. तो म्हणतो, आमचा मेकॅनिक बसला तर चालली. ताई म्हणते, डेल भावोजी बसले तर चालली. बर्निसकाकूसुद्धा एक फेरी मारून आल्या म्हणे! म्हणजे बंद पडते ती फक्त तुमच्याखाली. नाचता येईना, अंगण वाकडं! तुम्हाला जुनीची सवय, म्हणून तुम्ही खुर्चीवर नीट टेकतच नसणार. ताईच्या हातचा ॲपल पाय दोन घास जास्त खा, म्हणजे खुर्चीला कळेल की घरमालक बसला आहे.

माझ्या अंगणात नुसती खडी आणि निवडुंग, तेव्हा मला शहाणपण शिकवायला काय जातं, असं म्हणाल. म्हणा.

चेष्टेवर रागावू नये, माया कमी करू नये.

आपला,
मेरिल


ओकफोर्ड
२९ सप्टेंबर १९९१

प्रिय मेरिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला एवढंच सांगू शकले, की बाबा पोस्टात चक्कर येऊन पडले. पुढचं न सांगताच मी फोन ठेवला. त्यांच्या पोटात गाठ आहे.

डॉक्टरांनी मला विचारलं, वजन कधीपासून उतरतंय. मला सांगता येईना. सख्खी मुलगी मी, दर रविवारी घरी जाणारी! शेवटी डेल हळूच म्हणाला, मे महिन्यापासून. गाडी बंद पडायला लागली तेव्हापासून. मेरिल, त्या कळीला बाबांचं वजनच पुरत नव्हतं रे.

आणि आम्ही काय केलं? जूनमध्ये डेलने त्यांच्या पाठीमागे खुर्चीवर मिठाची गोणी बांधून दिली. गाडी चालली, तर मी टाळ्या वाजवल्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी भरला डबा ठेवत होते आणि आधीचा धुतलेला घेऊन येत होते. आता बर्निसबाई सांगतात, की त्यांचा कुत्रा उन्हाळाभर माझ्या हातचं जेवून गुटगुटीत झाला.

डॉक्टर म्हणाले, वसंतात आले असते तर बरं होतं. पंधरा तारखेला पोट उघडतील, मगच काय ते कळेल. बाबांनी बजावलंय, की मेरिलला येऊ देऊ नकोस, त्याची नोकरी आहे. मला काही सुचत नाही.

या बहिणीला दोष दे, पण टाकू नकोस.

तुझी,
लोइसताई


टूसॉन
३ ऑक्टोबर १९९१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार वेळा लिहायला बसलो आणि कागद फाडले. तुम्ही मला खरं तेच कळवलं होतं. जेवण जात नाही, हेही त्याच पत्रात लिहिलं होतं. मी त्यावर एक शब्द विचारला नाही. उलट, दोन घास जास्त खा म्हणून तुमची टिंगल केली. दुकानदाराशी मी अर्धा तास भांडलो, पण तुम्ही कसे आहात हे ताईला एकदाही विचारलं नाही. खुर्चीखालच्या कळीला जे कळलं, ते पोटच्या पोराला कळलं नाही.

तुम्ही येऊ नको म्हणालात असं ताई लिहिते. मलाही तोंड दाखवायची लाज वाटते आहे. तुम्ही सांगाल तसं करीन.

क्षमा मागण्याचाही हक्क उरला आहे का, कळत नाही. तरी मागतो.

आपला,
मेरिल


इस्पितळ, ओकफोर्ड
८ ऑक्टोबर १९९१

चि. मेरिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पडल्या पडल्या लिहितो आहे, अक्षर लावून वाच. तू आणि लोइस, दोघांनी रडणं आधी थांबवा. चूक माझी आहे.

मला माहीत होतं. एप्रिलमध्येच मी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं होतं. तुझी आई अशीच माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली, तू तेव्हा लष्करात होतास. नवी गाडी पहिल्यांदा माझ्याखाली बंद पडली, तेव्हाच तिने का दगा दिला ते मला कळलं. पण गाडी वाईट आहे असं लिहिणं सोपं होतं. डेलने गोणी बांधली तेव्हा मी त्याचे आभार मानले आणि जेवण कुत्र्याला घातलं. लोइस धुतलेला डबा बघून खूश व्हायची. ते आठवलं, की मला तिच्याकडे बघवत नाही. तुम्ही फसलात, कारण मी फसवत होतो.

तुला येऊ देऊ नकोस म्हणालो, तेही खोटंच. तू आलास तर दुखणं खरं होईल असं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी मला आत नेणार आहेत. मला फार भीती वाटते, बाळा. शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं, पण आता तेवढ्याने भागणार नाही. तू ये.

तुझा,
बाबा