सीलबंद सायकल

३ फेब्रुवारी
अखेर मिळाला. आईचा सिनेमा. आई नटी नव्हती. ती एकोणीस वर्षांची असताना एक परदेशी कंपनी तिच्या गावात शूटिंगला आली होती आणि त्यांनी तिला सायकलवरून पूल ओलांडायला सांगितलं होतं. तीनदा ओलांडला म्हणे. सिनेमा इकडे कधी लागलाच नाही, म्हणून आईने स्वतःला अजून पाहिलेलं नाही. आता तिकडच्या एका छोट्या कंपनीने त्याची डिस्क काढली आहे. फक्त पाचशे प्रती, प्रत्येकीवर हाताने घातलेला नंबर. मला ११ नंबर मिळाला! आईला सांगितलं तर नंबराचं तिला काहीच वाटलं नाही. लवकर आण म्हणाली.
आईच्या डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहायचं नाही. या वर्षी वहीत फक्त चांगल्या गोष्टी.

४ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, जूनपर्यंत जे बघायचं ते बघून घ्या. लिहून टाकलं. आता डोक्यातून गेलं.
दुकानदाराला मेल केला की डिस्क पाठवू नका, थांबा. मार्च-एप्रिलमध्ये आणखी सहा येताहेत, सगळं एकाच पार्सलात पाठवा. नवखे लोक एकेक मागवतात आणि मग कोपरे चेपून आले म्हणून रडतात. मोठं पार्सल नीट बांधून येतं. जूनला अजून चार महिने आहेत. चार महिन्यांत काय होतंय?

६ फेब्रुवारी
त्या सहाच्या दोन-दोन प्रती सांगितल्या. एक ठेवायला आणि एक, पहिलीला काही झालं तर. आईच्या सिनेमाची मात्र माणशी एकच. म्हणजे एकूण तेरा. बायकोला एकच सांगितली आहे. दोनशेवर थांबतो असा मी शब्द दिला होता, आणि आज घरात दोनशे तेरा आहेत. सगळ्या सीलबंद. उघडलेली डिस्क म्हणजे चावलेलं सफरचंद, विकायला गेलं तर कोण घेईल? अर्थात मी विकणार नाहीच.

११ मार्च
सहावी डिस्क महिनाभर पुढे गेली. दुकानदाराने विचारलं, बाकीच्या पाठवू का? नको म्हटलं. माझा माझ्या पद्धतीवर विश्वास आहे.
आई पेपर तिरका धरून वाचते. खोलीत उजेड कमी असेल. मोठा बल्ब आणून लावला. आईने पेपर तसाच तिरका धरला. बल्ब बदलून घ्यायला हवा.

१९ एप्रिल, दुपारी १
पार्सल निघालं! ट्रॅकिंग नंबर आला. पाठ करून टाकला.

२ मे
पार्सल तिकडच्या विमानतळावरून निघालं आणि गायब झालं. दहा दिवस वेबसाइटवर तीच ओळ. ऑफिसात टेबलाखाली फोन धरून बघतो. माझं काम विम्याचे फॉर्म तपासायचं. एक रकाना रिकामा असला तरी परत पाठवतो, समोरचा कितीही गयावया करो. आज एका म्हाताऱ्याचा फॉर्म तसाच पास केला. लक्ष नव्हतं म्हणून नव्हे, वरचा कुणीतरी बघत असेल तर बरं, म्हणून.

९ मे
स्टेटस बदललं: ‘तपासणीसाठी थांबवले.’
पण मी घाबरलेलो नाही. घाबरलेला माणूस जेवत नाही, आणि मी अर्धी पोळी खाल्ली.

१४ मे
कस्टमचं पत्र आलं. सही करून घ्यायचं होतं, आणि मी घरी नव्हतो, म्हणून पोस्टमनने ते बायकोच्या हातात दिलं. प्रत्यक्ष हजर राहा, माल व्यापारासाठी नसल्याचा पुरावा आणा. माल! बायकोने विचारलं, तेरा कसल्या? पॅकिंगची चूक असेल म्हटलं. तिने पत्राची घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.
पुरावा कसला न्यायचा? घरातल्या दोनशे तेरा दाखवल्या तर गोदामच समजतील. जप्ती. दंड. ऑफिसात पत्र. मग माझा फॉर्म कोण पास करणार?

२० मे
कस्टममध्ये जाऊन आलो. काउंटरवरच्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. दोन-दोन कशाला, असं विचारलं. एक ठेवायला, मी म्हटलं. आणि दुसरी? तीही ठेवायलाच.
“मग बघता कुठली?”
वेळ मिळाला की बघतो म्हटलं. त्यांनी ‘वैयक्तिक वापर’ लिहिलं, पण पेन बराच वेळ वर धरून मग लिहिलं. उघडून तपासावं लागेल म्हणाल्या. मी हात जोडून सांगितलं की निदान ११ नंबरचं सील फोडू नका, ती माझ्या आईची आहे. बाईंनी ते कुठेतरी टिपून घेतलं. तीन आठवडे लागतील.
आईच्या डोळ्यांचं सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर कदाचित त्याच दिवशी दिली असती. पण असं घरचं गाऱ्हाणं सांगून काम करून घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय आठवलंच नाही.

१ जून
सकाळी आईने चहा कपात ओतला. कप चार बोटं पलीकडे होता. टेबलावरून चहा खाली गेला आणि आई विचारत होती, सांडला का रे थोडा? मी म्हटलं, थोडासा.
मला भीती वाटली. कस्टमची नाही.
पार्सल एप्रिलमध्ये आलं असतं तर! पोस्टखात्याचा ढिसाळ कारभार.

८ जून
आई रोज सकाळी विचारायची, कुठवर आलं? मी रोज सांगायचो, उद्यापर्यंत येईल. गेले चार दिवस तिने विचारलेलं नाही. आज मीच आपणहून सांगितलं, उद्यापर्यंत येईल. बरं, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर काही नाही.

१६ जून, सकाळी १०
आलं! बारा डिस्कची सीलं सरळ ब्लेडने कापलेली. बघवेना. पण ११ नंबरवर एक चिठ्ठी चिकटवलेली: ‘विनंतीनुसार न उघडता.’ कोपरे शाबूत, प्लास्टिकवर एक सुरकुती नाही. असा पीस मी आयुष्यात पाहिला नाही.
आईच्या हातात दिली. तिने सगळीकडून चाचपली आणि विचारलं, कधी लावायची?
संध्याकाळी म्हटलं.

१६ जून, संध्याकाळी
उद्या. एक तर प्लेअर चार वर्षांपासून खोक्यात आहे, त्याचंही सील फोडावं लागेल. घाईचं काम नाही. शिवाय हाताला घाम येतोय, डाग पडेल. ११ नंबरची दुसरी प्रत कुणी विकतंय का ते आधी बघतो. ती ठेवायची आणि ही लावायची. किंवा उलट.

१८ जून
दुसरी प्रत मिळत नाही. बायकोने टेबलावर डिस्कशेजारी कात्री आणून ठेवली आहे. काल एक होती, आज दोन आहेत.

१९ जून
आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ टॉर्च मारला. मग मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फक्त उजेड आणि सावल्या. मी विचारलं, टीव्हीवरचं? ते म्हणाले, “मे महिन्यात दिसलं असतं.”
रस्ता ओलांडताना आईने माझा हात धरला होता आणि गाड्या थांबल्या तरी मी उभाच होतो. तिने विचारलं, जायचं ना रे? फेब्रुवारीत पाठवू नका असं मीच लिहिलं होतं. पोस्टखात्याने नाही. हे एकदा लिहून ठेवतो.

२० जून, संध्याकाळी ६
लावला. बायकोने प्लेअर खोक्यातून काढून जोडला, डिस्कचं सील नखाने फाडलं आणि तळणीकडे स्वयंपाकघरात गेली. आई टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. तासभर परदेशी लोक त्यांच्या भाषेत भांडले. प्लास्टिक सोफ्याखाली गेलं होतं. ते जरा सरळ करून पुन्हा चिकटवता येईल का ते बघायला मी खाली वाकलो. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. दोनदा. वर बघतो तर पडद्यावर रिकामा पूल.
आईने हातावर हात घट्ट दाबून धरला होता. म्हणाली, “माझीच घंटी. दिसले का रे मी?”
“हो. छान दिसत होतीस. ओढणी काय उडत होती!”
तिने आवाजाच्या दिशेने मान खाली वळवली. मग म्हणाली, “स्कर्ट होता माझा. ओढणी कुठली? आणि तुझा आवाज खालून आला. वर येऊन बस. परत लाव, आणि या वेळी बघून सांग.”
मागे कसं न्यायचं ते मला कळेना. दोनशे सव्वीस डिस्क आहेत माझ्याकडे. भलतंच बटण दाबलं आणि सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला. पूल यायला अजून तास आहे. आई हलत नाही. मी तिच्या शेजारी बसलोय. सगळं बघणार, एकूण एक फ्रेम, आणि तिला सांगणार. तोवर म्हटलं दोन ओळी लिहाव्यात.
आई विचारतेय, ही खरखर कसली ऐकू येतेय. वही मिटतो.