नबवीयाच्या मक्याचा बंदोबस्त

१८ एप्रिल
आजपासून रोजनिशी. निवृत्त भूगोल शिक्षकाला शिस्त हवी. संकल्प: चहात साखर निम्मी. कुणाशी वाद नाही. आणि माझ्या दिवंगत बायकोचा, नबवीयाचा मका यंदा मी लावणार.

ती गेल्यापासून कणसांची माळ चुलीच्या वर तशीच टांगलेली आहे. पांढरा मका, तिच्या आईकडून आलेला. फयूमजवळच्या आमच्या गावात आता दुसऱ्या कुणाकडे नाही. यंदा पेरला नाही तर बी मरेल आणि विषय संपेल. मेथी घालून ती त्याच्या भाकऱ्या करायची. असो.

१९ एप्रिल
वाद झाला. साखर मात्र निम्मी. जवळजवळ.

धाकट्या भावाने, उवैसने, कंपनीचं पिवळं बियाणं आणलंय. म्हणे, अळी मारणारा गुण मक्याच्या ताटातच आहे, फवारणीची कटकट नाही. मी विचारलं, जे अळीला मारतं ते माणसाला सोडेल? म्हणाला, दादा, अळीचं पोट वेगळं, आपलं वेगळं, सरकारी साहेब सांगून गेलाय. मी म्हटलं, उद्या पोरांना शेपूट फुटलं तर ते कापायला साहेब येणार आहे का? बायूमीच्या चहाच्या दुकानात सगळे खो खो हसले. मग मला चेव आला. म्हटलं, पाठीवर पंप घ्यायचा आळस, म्हणून वडिलांच्या मातीत विष पेरतोस.

उवैस उठून गेला. चहा तसाच ठेवून.

आता त्यानेच आधी बोलायचं. मी मोठा आहे.

२५ एप्रिल
खरा धोका आज ध्यानात आला. उवैसचा तुकडा माझ्या उत्तरेला, मध्ये फक्त बांध. आपल्याकडे वारा उत्तरेचा. जन्मभर फळ्यावर बाण काढून शिकवलंय. त्याच्या तुऱ्यांचा पराग थेट नबवीयाच्या कणसांवर. पिवळा पराग बसला की पांढऱ्या कणसात त्याच साली पिवळे दाणे. पुढे बी म्हणून ठेवलं तरी ते तिचं नाही.

प्लॅन: तो पेरेल तेव्हा आपण पेरायचं नाही. तीन आठवडे थांबायचं. त्याचे तुरे झडून गेले की माझ्या कणसांचे केस बाहेर येतील. साधं, सोपं, शास्त्रीय. कुणालाही सांगायचं नाही, उवैसला तर नाहीच. शत्रूला कुणी प्लॅन सांगतं का?

२० मे
कालव्याला पाण्याची पाळी आली. सगळ्या गावाने पेरलं, उवैसने नाही. त्याचा खोकला वाढलाय म्हणतात. थंडी बाधली असेल.

मीही पेरलं नाही. प्लॅन सुरू.

३१ मे
पुन्हा पाळी. उवैस बांधावर येऊन बसला, माझ्या रिकाम्या शेताकडे बघत. पेरलं नाही. आता डाव कळला. माझ्या मुळावर उठलाय. मी पेरलं की लगेच त्याच दिवशी पेरायचं, म्हणजे तुरे एकदम! नबवीया म्हणायची, तुमचा भाऊ साधा आहे हो. बायकांना राजकारण कळत नाही.

मी हटणार नाही.

४ जून
बायूमी म्हणाला, उस्ताज मास्तर, दोघे भाऊ यंदा बगळे पिकवणार वाटतं? दोन्ही रानांत तेच उभे असतात. सगळे हसले. मी वैज्ञानिक धीर यावर थोडं बोललो. अर्धे लोक उठून गेले. काम असेल.

११ जून
मक्याला पाणी मिळायची ही शेवटची पाळी. पुढे पेरण्यात अर्थ नाही. शेवटी सकाळी पेरलं. सगळीच माळ उतरवून पेरली. खात्री असताना मागे शिल्लक ठेवणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

उवैस बांधावर उभा होता. बघत राहिला. डोक्याला हात लावला. घरी गेला आणि दुपारी पिवळी पिशवी घेऊन आला, पेरायला लागला.

प्रूफ! मी म्हटलं नव्हतं? (कुणाला म्हटलं नव्हतं, पण इथे लिहिलंय.)

९ जुलै
माझ्या मक्यात अळी. उशिराची पेरणी, त्यामुळे जरा जास्त. शेंड्याचे पोंगे चाळणी झालेत. उवैसचा मका बांधापलीकडे हिरवागार, एक पान फाटलेलं नाही. अशा हिरवेपणावर माझा विश्वास नाही.

संकल्प: विषाचा एक थेंबही नाही. नबवीयाच्या मक्याला तर नाहीच.

१३ जुलै
फवारलं. पण ते विष म्हणता येणार नाही, औषध आहे. दुकानदारही औषधच म्हणतो.

पंप उवैसचा. त्याने तो टाकून दिलाय, गोठ्यामागे पडला होता. त्याची बायको वदीदा अंगणात होती. म्हणाली, भावजी, तोंड बांधा हो, यांनी कधी बांधलं नाही. नबवीयाची ओढणी बांधली. तरी घसा जळला, डोळ्यांतून पाणी थांबेना. संध्याकाळी दोनदा उलटी. उवैस हे गावभर मजुरीने करायचा. माझ्या अर्ध्या पगारात दोघांचं घर चालायचं तेव्हापासून, वर्षानुवर्षं.

चहात आज साखर पूर्ण. आजारी माणसाला सूट.

८ ऑगस्ट
दोन्हीकडे तुरे एकदम निघाले. घाबरायचं कारण नाही. बांधावर बांबू रोवून घरातल्या सगळ्या चादरी लावल्या. भिंतच उभी केली. बायूमी सायकल थांबवून म्हणाला, उस्ताज, रमजानच्या आधीची धुलाई का? मी लक्ष दिलं नाही.

दुपारी वारा सुटला. दोन चादरी कालव्यात गेल्या. बाकीच्या पडल्या; उवैसने त्या बघितल्या, खोकत खोकत पुन्हा बांधल्या. मी घरातून बघितलं. म्हणजे स्वतःची चूक त्याला मान्य आहे. बाहेर गेलो नाही. आधी बोलला असता तर गेलो असतो.

१९ ऑगस्ट
रोजा सोडायच्या वेळी वदीदाने भरलेलं कबुतर पाठवलं, वाफाळतं. परत पाठवलं. कबुतरं काय खातात ते मला माहीत आहे: त्या पिशवीतलं उरलेलं पिवळं बी. पावाबरोबर चीज खाल्लं. वास मात्र घरभर राहिला.

३० ऑगस्ट
उवैसला फयूमच्या इस्पितळात नेलं. फुप्फुसं गेली म्हणतात. फवारणीने की सिगारेटने, डॉक्टर नक्की सांगत नाही.

ठरवलं. ईदला जाणार. ईदला सगळीच भांडणं मिटतात, त्यात कुणी आधी बोललं असं होत नाही. खजूर आणि साखरेची बिस्किटं घेऊन जाईन, कपाळाचा मुका घेईन आणि मोठ्या मनाने माफ करीन. काय बोलायचं ते तयार आहे. छान जमलंय.

७ सप्टेंबर
उवैस पहाटे गेला.

ईद तीन दिवसांवर होती.

१० सप्टेंबर
ईद. बिस्किटं आणून ठेवली होती. कुणी आलं नाही. मीही गेलो नाही.

४ ऑक्टोबर
मका काढला. कणसं सोलायला वदीदा आली. मी नको म्हटलं होतं.

पहिलं कणीस: पांढऱ्यात पिवळे दाणे. म्हटलं, बांधाकडचं असेल. मधल्या ओळींची सोलली. दक्षिणेकडची सोलली. निखळ पांढरं एक नाही. बियाला ठेवावं असं मूठभरही नाही. नबवीयाचा मका संपला. अळीने खाल्ला नाही, कुणी चोरला नाही, माझ्या डोळ्यांदेखत संपला. मी खाली बसलो.

वदीदाने माझ्या हातातलं कणीस काढून घेतलं. म्हणाली, भावजी, त्यांनी खूप वाट पाहिली हो. म्हणायचे, वहिनीचं बी आहे, दादाचं आधी पेरून होऊ दे, आपण तीन आठवड्यांनी लावू, म्हणजे वाऱ्याने बिघडायचं नाही. लोक हसले तरी थांबले. शेवटच्या पाळीला तुम्ही पेरलंत तेव्हा घरी येऊन डोकं धरून बसले. म्हणाले, आता थांबलो तर पोरांना काय घालू? मग रडत पेरलं.

मी म्हटलं, तुम्ही मला सांगायचं.

म्हणाली, मी येत होते. हेच अडवायचे. दादाला उपकार वाटतील म्हणायचे.

मी दुसरं कणीस उचललं. मग म्हटलं, वदीदा, मी पण त्याच्यासाठीच थांबलो होतो.

ती हमसून रडली. म्हणाली, देव तुमचं भलं करो, दोघे भाऊ एका मातीचे. माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मी हात काढून घेतला नाही.

मी त्याच्यासाठी थांबलो नव्हतो.

उद्या तिला खरं सांगायचं. उद्या नको. उद्या उवैसचा मका काढायचाय, चार माणसं असतील. परवा.